कडीचं तू ठरव

४ जून

प्रिय लुडबुडे,

आशीर्वाद तुला न लिहिताही असतातच, तरी लिहितो. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. "बाबा, फोन नको, पत्र लिहा. तुमचा आवाज ऐकला की मला 'बरी आहे' म्हणावंच लागतं." आई म्हणाली, खरं आहे पोरीचं. म्हणून हा कागद घेऊन बसलोय. अक्षराला हसू नकोस. सुताराची पेन्सिल कानावर शोभते, कागदावर नाही.

घरचं सांगतो. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, आता गळत नाही. आईच्या शाळेला सुट्टी आहे आणि तिने कपाटं आवरायला काढली आहेत, त्यामुळे मला माझे मोजेसुद्धा विचारून घ्यावे लागतात. मावशी रोज फोन करते. तू तब्येतीमुळे दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात आहेस, एवढंच आम्ही तिला सांगितलंय. तिने ते पोटाचं दुखणं ठरवून टाकलंय आणि पथ्यं सांगत बसते. मी हं हं करतो.

आमच्या हॉस्पिटलात मात्र नुसती धावपळ चालू आहे. वरून हुकूम आलाय, आणि या खेपेला तो सगळ्या देशाला आहे. कुणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून गल्लीतल्या दवाखान्यापासून मोठ्या हॉस्पिटलापर्यंत सगळ्यांनी एकाच पद्धतीने काम करायचं. पाय मुरगळून आलेल्यालाही मनाचं विचारायचं. माणूस घरी सोडला की त्याची खबर त्याच्या घराजवळच्या दवाखान्याला आधी पोचली पाहिजे, म्हणजे मधल्यामध्ये कुणी हरवायला नको. माझ्या वाट्याला दारं आली. चौथ्या मजल्यावरचा वॉर्ड, तुझ्या वॉर्डासारखाच. आतून कडी लावली तरी नर्सला बाहेरून उघडता येईल, अशी नवी कडी प्रत्येक दाराला बसवायची. काम छान झालंय. बिजागरी कुरकुरली तर नाव बदलीन.

आणि कहर म्हणजे प्रशिक्षण! डॉक्टर, नर्स, आचारी, पहारेकरी, सगळे एका खोलीत कोंबलेले. मी म्हटलं, "बाई, मी दारं बसवतो. माझं इथे काय काम?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दुरुस्तीला जाता तेव्हा रुग्ण तुमच्याशी गप्पा मारतात. आम्हाला बघून ते डोळे मिटून घेतात." बसलो मग. जोडीजोडीने एकमेकांना सरळ विचारायचं होतं, की... ते जाऊ दे. माझ्या जोडीला आमचे धोबीदादा. दोघांनाही असं हसू फुटलं की बाईंनी डोळे वटारले.

महिनाअखेरीला तुला घरी सोडू, असं तुझे डॉक्टर म्हणतात. तू म्हणतेस, बघू. बघू म्हणजे काय गं? मैत्रिणीकडे जायचं मनात आहे का? आम्ही तुझी खोली तयार ठेवतोय. थोडी डागडुजी काढली आहे, विशेष काही नाही.

दोन घास जास्त खात जा.

बाबा

१३ जून

प्रिय लुडबुडे,

आईचं पत्र तुला माझ्याआधी मिळालं असेल तर तिने माझी पुरती शोभा केली असणार. म्हणून माझी बाजू ऐकून घे.

मी तुझ्या खोलीचं दार काढलं.

वॉर्डातलं काम करता करता डोक्यात एकच भुंगा. सगळ्या दारांचं बघतोस आणि स्वतःच्या घरात काय? तू त्या दिवशी आतून कडी लावून घेतली होतीस आणि मी बाहेर उभा होतो. माझ्यासारख्या सुताराला ते दार उघडेना. हत्यारांची पेटी कुठे ठेवली आहे तेच आठवेना. शेवटी शेजारच्यांनी खांदा लावून उघडलं. म्हणून गेल्या रविवारी आई बाजारात गेल्यावर बिजागऱ्या सोडवल्या आणि दार उचलून व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवलं.

आई आली. पिशव्या खाली ठेवल्या. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे काय?"

"पॉलिश करायचंय," मी म्हटलं.

"खोटं बोलायला तरी शीक," ती म्हणाली. "पोरगी घरी येणार आहे की कोठडीत?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी भिंतीमार्फत बोलत होती. "भिंतीबाई, यांना सांगा, जेवण वाढलंय."

मग आपल्या भागातल्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. तुझ्या हॉस्पिटलाने त्यांना कळवलं होतं. नव्या पद्धतीत असंच आहे, माणूस घरी यायच्या आधी त्या घरी येऊन बोलून जातात. तू हो म्हटल्यावरच त्यांना कळवलं, हे त्यांनी दारातच सांगितलं. पन्नाशीच्या असतील. बोलणं हळू, पण समोरच्याच्या तोंडावरून नजर हलत नाही. मी त्यांना मोठ्या ऐटीत घर दाखवलं. घरातली सगळी औषधं मी कुलपात ठेवली आहेत आणि किल्ली आईकडे असते. त्या म्हणाल्या, "हे फार चांगलं केलंत." मी फुगलो. मग तुझ्या खोलीपाशी आलो.

"दार कुठे गेलं?"

मी आमच्या वॉर्डाचं सगळं वर्णन ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वॉर्डात तुम्ही दारं काढलीत?"

"नाही, कड्या बदलल्या."

"मग मुलीच्याच खोलीचं दार का काढलंत? तिला विचारलं होतं?"

आई मागून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही रोज येत जा."

मला राग आला. एकुलती एक पोर, तिच्या बाबतीत मला शहाणपण शिकवायला या कोण? पण चहा घेताना त्यांनी समजावलं. तू घरी येशील तेव्हा तुला कपडे बदलायचे असतील, रडायचं असेल, नुसतं एकटं पडून राहायचं असेल. दार नसलेल्या खोलीत माणूस सतत पाहुण्यासारखा बसतो, असं त्या म्हणाल्या. घर कसं ठेवायचं ते तुझ्याशी बोलून ठरवायचं. त्या आणि तू मिळून एक बेत लिहिणार आहात: मन फार बिघडलं तर आधी काय करायचं, कुणाला हाक मारायची. त्यात माझं नाव घालायचं की नाही, तेही तूच ठरवणार.

जाताना त्यांनी मला आणखी एक विचारलं. त्यावर मी उखडलो. त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन.

दार अजून व्हरांड्यातच आहे. तू सांग काय करू.

बाबा

२१ जून

प्रिय लेकी,

तुझं पत्र आलं. दाराचं वाचून तू आधी हसलीस आणि मग रडलीस, असं लिहिलंयस. आम्हीही इकडे तेच केलं, फक्त आई आधी रडली. "दार लावा बाबा," एवढं वाचलं आणि मी तसाच उठलो. आता ते जागेवर आहे. वॉर्डातल्यासारखी कडी आणून ठेवली आहे आणि जुनी कडीही टाकलेली नाही. मी नवी बसवू या म्हणेन, पण कडीचं तू ठरव.

त्याच्या खालचं मात्र पुन्हा पुन्हा वाचतोय. "बाबा, तुमच्या पत्रात नळ आहे, मावशी आहे, धोबीदादा आहेत. मी कुठे आहे? घरी आले की पुन्हा सगळ्यांपुढे बरी आहे, बरी आहे करत फिरावं लागेल. त्यापेक्षा मैत्रिणीकडे राहीन." तू हे लिहिलंस ते चांगलं केलंस. मला लागलं, पण ते खरं आहे.

सिस्टरनी जाताना मला काय विचारलं होतं ते सांगतो. "तुम्ही मुलीला कधी सरळ विचारलंत?" मी त्यांच्यावर उखडलोच. म्हटलं, असं कुणी विचारतं का? नसलेलं डोक्यात भरायचं? त्या शांतपणे म्हणाल्या, विचारल्याने ते डोक्यात येत नाही. आधीपासून असेल तर निदान बोलायला माणूस मिळतो. प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती.

प्रशिक्षणाच्या दिवसाचं पुढचं तुला लिहिलं नाही. हसून झाल्यावर मी धोबीदादांना एकदाचं विचारलं. ते "नाही रे" म्हणाले. मग जिना उतरताना मध्येच थांबले. म्हणाले, "बायको गेली तेव्हा रोज वाटायचं. अजूनही अधूनमधून वाटतं." अगं, आम्ही रोज दुपारी एकत्र डबा खातो! मला वाटायचं, हा माणूस कमी बोलतो, एवढंच. मी त्यांना तसाच मागे फिरवून बाईंकडे घेऊन गेलो. आता ते नियमाने उपचारांना जातात. तुला हे सांगायला त्यांचीच परवानगी आहे, "पोरीला लिही" म्हणाले.

म्हणजे धोबीदादांना मी विचारू शकलो. तुला नाही. तिकडे भेटायला आलो तेव्हाही जेवलीस का, झोप लागते का, पंखा चालतो का, एवढंच विचारून परत आलो. मावशीला पोटाचं दुखणं समजू दिलं. कारण मला भीती वाटते. मी विचारीन आणि तू हो म्हणशील, आणि मग मी काय करीन? लाकूड असतं तर जोडलं असतं. इथे माझ्या हातात काहीच नाही, या भीतीने मी घरभर हातोडी घेऊन फिरत होतो.

हे सगळं लिहून झालं तरी मुख्य ओळ राहिलीच होती. आई शेजारी बसली आहे, म्हणते, लिहा आता.

बाळा, तुला अजून मरावंसं वाटतं का?

लिहिलं. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला आहे.

हो असेल तर हो सांग. कधी कधी वाटत असेल तर कधी कधी म्हण. आम्ही रडू कदाचित, पण तुला गप्प करणार नाही आणि "असं बोलू नये" म्हणणार नाही. आणि आज वाटत असेल तर या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, आत्ता उठून तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरना सांग. मैत्रिणीकडे राहायचं ठरवलंस तरी सामान मीच पोचवीन आणि तिथेही हेच विचारायला येत राहीन. घरी आलीस तर मात्र तुला बरी असायची गरज नाही. रडकी ये, चिडकी ये, आठवडाभर तोंड उघडू नकोस. आम्हाला तू हवी आहेस. तुझ्याशिवाय आमचं अडतं गं.

शनिवारी दोघं येतोय भेटायला. उत्तर तोंडीच दे. ते काहीही असलं तरी ऐकून उठून न जाणारा,

तुझा बाबा