अर्ध्यावर धरलेला श्वास

७ मार्च २०२१, कालगुर्ली

पोचलो एकदाचा! पर्थहून गाडी काढताना वाटलं होतं, वाटेत चार गावं लागतील, कुठेतरी चहा मिळेल. कसलं काय. दिवसभर नुसती झाडं, तारा आणि रस्त्याकडेला मेलेली कांगारू. गाव मात्र झकास आहे. रुंद रस्ते, जुने पब आणि प्रत्येक गोष्टीवर लाल माती. तिने पहिल्याच दिवशी माझ्या पांढऱ्या मोज्यांचा निकाल लावला.

कंपनीने घर दिलंय. पत्र्याचं छप्पर, मागे लिंबाचं झाड. काम सोपं आहे: खाणीच्या भिंतीतला दगड हलतोय का, ते रडारवर बघत बसायचं. माझी बायको नीलिमा फोनवर म्हणाली की घरातलं काही हललेलं तुला कधी दिसत नाही, आणि त्याचे लोक पगार देतात! ती आणि आमची लेक चिनू सध्या सिडनीत, क्वेकर्स हिलच्या घरीच. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत दोघी इथे येतील, त्या आधी घर मांडून ठेवायचंय.

पुण्याला बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिथे रायफल क्लब आहे का.

२१ मार्च

आहे की! गावाबाहेर लाल मातीचा लांबलचक पट्टा, टोकाला मातीचा बांध आणि त्यावर टार्गेटं. आज नुसता बघायला गेलो आणि लेस भेटला. खाणीतून निवृत्त झालेला, बोलताना धाप लागणारा, हसरा म्हातारा. त्याने स्वतःची रायफल माझ्या हातात दिली. बोल्ट हाताने मागे ओढून एकेक गोळी भरायची, जाड नळी, वर मोठी दुर्बीण, अक्रोडाचा दस्ता. गाल टेकायच्या जागी लाकूड घासून गुळगुळीत झालंय. विकायची आहे म्हणाला. छातीत हवा उरली नाही, मेट, आणि हे काम हवेचंच आहे.

बाबा हेच सांगायचे. कॉलेजात एनसीसीच्या पोरांना नेमबाजी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःची रायफल कधी झाली नाही. मी लहान असताना गच्चीवर पालथं झोपवून, हातात काठी देऊन शिकवायचे: आधी श्वास सोड, अर्ध्यावर धर, बोट चापावर आपोआप येतं.

रात्री फोनवर फोटो पाठवला. बाबा इतके खूश झाले की जणू त्यांनाच मिळाली.

११ एप्रिल

घ्यावी की न घ्यावी? वापरलेली रायफल म्हणजे वापरलेली गाडी. बाहेरून चकाचक, पण आत किती झिजलीय कोण सांगणार. लेसच्या देखरेखीखाली चालवून बघितली. गोळ्या एकाला एक लागून पडतात. पोलिसांचं लायसन्स मिळायला वेळ लागेल, भिंतीला बोल्टने आवळलेलं कपाट लागेल. नीलिमाचं म्हणणं, चिनू येणार त्या घरात बंदूक नको. लेस म्हणतो नो वरीज, दर रविवारी ये, मग ठरव.

बाबांचं मत एका शब्दाचं: घे.

२ मे

बाबा गेले. काल.

चित्रा, माझी बहीण, सकाळपासून कोविडच्या बेडसाठी फोन करत होती. बेड नव्हता, ऑक्सिजन नव्हता. अंगणात हवा लागेल म्हणून तिने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि मला व्हिडिओ लावला. निळ्या चौकड्यांचा शर्ट. खुर्चीचे हात घट्ट धरलेले. तोंड उघडं. मी बोलत होतो, बाबा, हळू, आधी सोडा... आणि नेट अडकलं. चित्र तिथेच थांबलं. पुन्हा फोन लागला तेव्हा चित्रा रडत होती.

इथून जायला परवानगी काढावी लागते, आणि गेलो तरी तिकडून परत येणारी विमानं बंद. उल्हासदादाने, माझ्या चुलतभावाने, अग्नी दिला. मी इथे लिंबाच्या झाडाखाली बसून राहिलो.

१० मे

दहावा. चित्रा तिकडे करतेय, पण मलाही राहवेना. भात शिजवला, पिंड केला, कागदी प्लेटमध्ये ठेवून मागच्या मातीत मांडला. इथले कावळे तान्ह्या मुलासारखे रडतात. एक आला. प्लेटभोवती फिरला, पण शिवेना.

कावळा शिवत नाही म्हणजे जीव कशाततरी अडकलाय, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. मग बोलत सुटलो. चित्राला अंतर देणार नाही. चिनूला मराठी लिहायला शिकवीन. रायफल घेईन, बाबा. कावळा नुसता बघत होता. शेवटी मला रडू फुटलं आणि मी म्हणालो, मग माझा श्वास घ्या.

त्याने तत्काळ चोच मारली.

२३ मे

आज जायचं नव्हतं. बाबांचं लेसला सांगितलेलं नाही, त्याने ओढून नेलं. रेंजवर पालथा झोपलो, दुर्बिणीला डोळा लावला.

बांधाला टेकून बाबा बसले होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत, निळ्या चौकड्यांच्या शर्टात. व्हिडिओ जिथे अडकला होता तसेच, तोंड उघडं. मी डोळा काढला. बांधावर कुणी नाही. पुन्हा लावला. होते.

सवयीने अर्धा श्वास सोडला आणि धरला. बाबांची छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. तोंड मिटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग मला श्वास घ्यावाच लागला, आणि त्यांनी खुर्चीचे हात पकडले.

गोळी झाडली नाही. लेस माझ्याकडे फार वेळ बघत होता.

२७ जून

सिडनी पुन्हा बंद, आमच्या राज्याची सीमाही बंद. नीलिमा आणि चिनू येत नाहीत. चिनूची खोली लावून ठेवली होती. तिचं दार ओढून घेतलं.

दर रविवारी जातो. दुसऱ्यांच्या रायफलींतून बघून झालं, नुसता बांध दिसतो. बाबा लेसच्याच दुर्बिणीत आहेत. मी आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरू शकतो. मी धरला की ते घेतात. मी घेतला की ते गुदमरतात. इतकं साधं आहे. वाईट याचं वाटतं की आठवडाभर मी मजेत श्वास घेत हिंडतो आणि ते तिथे तसेच बसलेले.

लायसन्सचा अर्ज दिला.

११ जुलै

लेसला बाबांचं कळलं. आता विकणार नाही म्हणतो. शेडमागे नेऊन त्याने मला सगळं सांगितलं. त्याची बायको शर्ली दम्याने गेली. त्या हिवाळ्यात ती त्याला दुर्बिणीत दिसायला लागली. त्याने होती नव्हती ती हवा तिला दिली. पुढे डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो काढला आणि तो घाबरला. पुन्हा डोळा लावला नाही. तुझं कुणी गेलेलं नव्हतं, मेट, म्हणून तुला दाखवली, असं म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मी विचारलं, मग शर्ली आता कशी आहे?

तो शेडमध्ये निघून गेला. तेच तर. तो घाबरू शकतो, त्याने शब्द दिला नव्हता. मी पिंडावर दिलाय.

१ ऑगस्ट

चिनू फोनवर म्हणाली, बाबा, यू साउंड लाइक यू आर अंडरवॉटर. नीलिमाने कॅमेरा चालू करायला लावला. ओठ निळे दिसतात म्हणाली. डॉक्टरकडे जा, शपथ घातली. गेलो नाही.

आता दुर्बीण नसतानाही ऐकू येतं. रडारसमोर, गाडीत, नळाखाली. ती धाप. मी श्वास आत घेतला की लगेच. भीती वाटते. खरंच वाटते. पण त्यांना तिथे किती भीती वाटत असेल –

१५ ऑगस्ट

लायसन्स आलं. लेसच्या दारात उभा राहिलो. तो नाही म्हणत राहिला. मी पायरीवर बसलो, उठलोच नाही. शेवटी त्याने रायफल दिली आणि दार लावून घेतलं.

घेतली, बाबा.

२९ ऑगस्ट

चित्राचा फोन. तिकडेही दहाव्याला कावळा शिवत नव्हता. उल्हासदादा सगळं बोलून दमला. मग ती माझ्याविषयी म्हणाली, दादाची काळजी करू नका, त्याला आम्ही काही होऊ देणार नाही. लगेच शिवला. इतके दिवस सांगितलं नाही, मी आणखी रडेन म्हणून.

म्हणजे त्यांचा जीव माझ्यात –

मग इथे कोण बसलंय? चेहरा त्यांचाच आहे. खुर्ची तीच. चित्रा, तू बघितलं असतंस तर – बघितलं असतंस तर तूही धरला असतास.

५ सप्टेंबर

इथला फादर्स डे. चिनूचं कार्ड आलंय, मराठीत लिहिलंय. बाबा लवकर भेटू. वेलांटी चुकलीय. खिशात आहे.

रेंजवर. सगळे शेडमध्ये चहाला गेलेत. रेंज वापरात असल्याचा लाल झेंडा वर आहे. बोल्ट काढून बाजूला ठेवलाय, गोळी नाही. नुसतं बघायचंय. वही चटईवर.

बसलेत. आज खूप त्रास आहे.

धरला. छाती वर आली. रंग परत येतोय. हसले –

घ्यावा लागला. नाही, नाही, बाबा, थांबा –

धरला. हात वर करतायत. ओठ हलतायत. काहीतरी सांगतायत. गच्चीवर सांगायचे तसं –

सोड. सोड म्हणतायत मला.

डोळ्यांसमोर काळं येतंय. कोणीतरी हाक मारतंय, लेस असेल, धावत येतोय, त्याला धावू नको म्हणावं –

सोड म्हणतायत. रडतायत. पण मी सोडला की तुम्ही पुन्हा तसेच, बाबा, आणि या वेळी मी बघत असताना – नाही. तुमचा रंग बघा किती छान आलाय. अजून थोडा. चिनूला सांगा मी –