तांबडे पायमोजे

३ नोव्हेंबर
अकोल्याहून वलगावकडच्या या उपकेंद्रात आज नर्स म्हणून रुजू झाले. राहायची खोली दवाखान्यालाच लागून आहे, दाराशी कडुनिंब, समोर फुटलेली कपाशी. अंगणवाडीच्या ललिताताईंनी आल्या आल्या चहा पाजला, वर माझ्या पिशव्याही उचलल्या. माझं इथे छान जमणार.

६ नोव्हेंबर
अंगणवाडीतली मुलं तपासली. आधी दंडाला घेर मोजायची पट्टी लावायची: लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे जपा, हिरवं म्हणजे ठीक. मग दोन्ही पायांवर अंगठा दाबून तीनपर्यंत मोजायचं आणि उचलायचा. खड्डा तसाच राहिला तर अंगावर दिसतं ते मांस नव्हे, कुपोषणाचं पाणी. प्रशिक्षणात हे इतकं घोकलंय की झोपेतही सांगेन.

पौर्णिमाचा श्याम दोन वर्षांचा, गोल गालांचा. पट्टी हिरवी. केस तेवढे विरळ आणि भुरके, आणि काही केल्या हसेना. पायांत तांबडे लोकरीचे मोजे. काढायला गेले तर पौर्णिमाने माझा हात धरला. "नोका काढू, सिस्टर. गुबगुबीत लेकरू हाये, नजर लागते."

नव्या गावात पहिल्याच तपासणीला कशाला कोणाचं मन दुखवा? राहू दिले. बाळसं छान धरलंय म्हणाले, तर बिचारी केवढी खूश झाली.

१७ नोव्हेंबर
श्याम गेला. अमरावतीला नेताना रस्त्यातच. पाय इतके सुजले होते की मोजे उभे कापून काढावे लागले, असं ललिताताई म्हणाल्या.

भेटायला गेले. पौर्णिमा रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "तुमी तर बाळसं म्हटलं होतं."

माझीच मला किळस येते.

१९ नोव्हेंबर
सकाळी उंबऱ्यावर तांबडे मोजे. उभे कापलेले, ओलेचिंब. पौर्णिमाने ठेवले असतील म्हणून ललिताताईंना विचारलं. ते मोजे श्यामसोबतच पुरलेत म्हणे.

२२ नोव्हेंबर
रोज उंबऱ्यावर मोजे. पिळायला घेतले तर पाणी संपत नाही. परातीतल्या कणकेवर अंगठ्याचे खड्डे — माझे नाहीत, एवढेसे —

२४ नोव्हेंबर
भर दुपार. दवाखान्यात कोणी नाही. तो बाकावर बसलाय. रडत नाही. पाय पुढे केलेत, उघडे —

अंगठा ठेवलाय. दुसऱ्या हाताने लिहितेय. तीन झाले की उचलायचा. उचलला की खड्डा दिसेल. नाही उचलला तोवर बाळसंच आहे ना ते —

पाणी मनगटापर्यंत — तो माझ्याकडे बघतोय — एक, दोन —

एक, दोन —