आधी चढ, मग सही

अहो,

मी साडेनऊच्या एसटीने आईकडे मुरबाडला जातेय. पोळी-भाजी डब्यात आहे, वरण तेवढं गरम करून घ्या.

गाडीसाठी आणखी किती शनिवार थांबायचं? तीन महिन्यांत नवी कोरी गाडी पाचव्यांदा उल्हासनगरच्या शोरूममध्ये पडलीय आणि दुसरा गिअर चढावर अजून निसटतोच. तुमचं काय होतं ते मला ठाऊक आहे. शोरूमवाले गोड बोलून चहा पाजतात आणि तुम्ही भिडेखातर, गाडी न चालवताच ‘काम समाधानकारक’वर सही ठोकून येता. मग वॉरंटीचं विचारलं की तुमचीच सही तुम्हाला दाखवतात. आज गाडी आधी पुलावर चढवून बघा, मगच सही करा. आणि चहा बाहेर टपरीवर प्या.

गाडी घेतल्यापासून आई ओवाळणीचं ताट मांडून बसलीय. मी एसटीतून उतरले की ती आधी माझ्या मागे बघते. दोनदा सांगितलं, दुरुस्तीला आहे. आज सांगणार आहे, जावई गाडी घेऊन मागून येतायत.

मला खोटी पाडू नका.

कुंदा