रेझर नऊवर

दहिवली, रविवार संध्याकाळ

बाबांच्या जुन्या रेझरची, पातं कमीजास्त बाहेर काढायची आकड्यांची चकती साबणाच्या मळाने गच्च बसली होती. गरम पाण्यात भिजवली, टूथब्रशने घासली, तेलाचे दोन थेंब सोडले, तेव्हा कुठे फिरली. बाबांना आता दिसत नाही, म्हणून फिरवून बघायला हातात दिला. तर म्हणाले, "तुला कसलं जमतंय रं? कुणा जाणत्याला दाखव."

चौक गावातल्या गॅरेजात वीस वर्षं गाड्या खोलतोय मी. तरी हेच.

त्यांची दाढी मीच करतो. ते कायम तीनवर ठेवायचे. मी आज चकती नऊवर नेली. नऊवर पातं सगळ्यात जास्त बाहेर येतं. का केलं असं? माहीत आहे की मला, उगाच कशाला विचारतोय.

"तीनवर हाय ना रं?"

"तीनवरच हाय, बाबा."

हनुवटीवर रक्त आलं. तुरटी जरा दाबूनच फिरवली. मग त्यांनी रेझर मागितला आणि अंगठ्याने चकती चाचपली. नऊ. चाळीस वर्षं वापरलेली वस्तू, तिला डोळे कशाला लागतात? हे मला आधी सुचायला हवं होतं.

चकती न फिरवता त्यांनी रेझर परत माझ्या हातात दिला आणि मान वर केली.

"गळा राहिलाय रं."