इंग्रजी गाणारी जर्मन रेकॉर्ड

बाई,

गेल्या रविवारी सुनेने मला रेकॉर्ड प्लेअर आणून दिला. माझी सत्तरी झाली म्हणून. पुण्याची मुलगी आहे, इथे माधापूरला कंपनीत नोकरी करते. "बाबा, तुमच्या कपाटावर ती एकच रेकॉर्ड आहे ना, ती लावू या," म्हणाली. ती म्हणजे तुम्ही दिलेली. करडं कव्हर, धान्याच्या जुन्या कोठाराच्या पायऱ्यांवर बसलेले चार लांब केसांचे जर्मन तरुण आणि त्यातल्या एकाच्या मांडीवर बकरीचं पिल्लू. इतकी वर्षं मी ती कापडात गुंडाळून जपली, पण घरात वाजवायला काही नव्हतं. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि माउथऑर्गन असा काही किंचाळला की स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कुकर उडाला की काय?" मला इतकं हसू आलं की सुनेला वाटलं ठसका लागला. मग तिला सगळं सांगत बसलो. सांगता सांगता लक्षात आलं, यातलं काही काही तुम्हालाच सांगायचं राहिलंय.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा. वडील भालकीकडची शेती भावावर सोपवून शहरात आलेले, आणि मी कारखान्यात शिकाऊ. कारखान्यातली मशिनं जर्मन, त्यांची पुस्तकंही जर्मन. ज्याला भाषा येईल त्याला सहा महिने तिकडे ट्रेनिंगला धाडू, असं साहेब म्हणाले होते. म्हणून मी दर रविवारी सकाळी हिमायतनगरला तुमच्या घरी यायला लागलो. आम्ही चौघं सतरंजीवर, तुम्ही वेताच्या खुर्चीत. तुम्ही जर्मनी पाहिली नव्हती, एकाही जर्मन माणसाशी तोंडाने बोलला नव्हता. व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आणि तिकडच्या एका गावातल्या शिक्षिकेशी वीस वर्षं चाललेली पत्रमैत्री, एवढ्यावर तुमची सगळी जर्मन. त्यात काही उणं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. तुम्ही घशातून 'ख' असा काढायचात की समोरच्याने रुमाल शोधावा.

एका रविवारी तुम्ही आबिड्सच्या पोस्टातून सोडवून आणलेलं पार्सल आमच्यापुढे ठेवलंत. मैत्रिणीच्या धाकट्या भावाने मित्रांबरोबर बँड काढला होता, त्यांची ही रेकॉर्ड. पिल्लू घेऊन बसलाय तो भाऊ, माउथऑर्गन वाजवतो. पत्रात तिने लिहिलं होतं की अमेरिकेतल्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी असतात, त्या चालीवर ही मुलं आपल्या मनाने लांबलचक काहीतरी वाजवतात. तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. "आता खऱ्या जर्मनांच्या तोंडची भाषा ऐकायला मिळेल," तुम्ही म्हणालात. "पुढच्या रविवारी श्रुतलेखन. वह्या आणा."

प्लेअरची सोय मी केली. चिक्कडपल्लीला आमच्या गल्लीत लग्नांना लाउडस्पीकर लावणारे भाई होते, त्यांना गळ घातली. रविवारी ते रिक्षातून मशीन घेऊन आले, आणि सवयीने भोंगाही. तुम्ही भोंग्याकडे बघून म्हणालात, "भाई, ये कायकू लाये?" तर म्हणाले, "भोंगे के बगैर ये मशीन बोलतीच नै, बाई." भोंगा खिडकीत बसवला, तोंड रस्त्याकडे. आम्ही पेन्सिली परजून तयार. तुम्ही हात वर केलात, भाईंनी सुई ठेवली.

पाच मिनिटं नुसतं वाजतंय. गिटार, ऑर्गन, ढोल, मधूनच तो माउथऑर्गन. भाई बेचैन. "बाई, ये गाना कब शुरू होता? कब से बाजाच बज रा." तुम्ही बोटाने गप्प केलंत. मग एकदाचा एक घोगरा आवाज गायला लागला. आमच्या पेन्सिली कागदावर टेकल्या आणि तिथेच थांबल्या. मी तुमच्याकडे पाहतोय. तुमचा चेहरा पांढरा पडलाय, ओठ हलतायत, तुम्ही एकेक शब्द पकडायला बघताय आणि हाताला काही लागत नाहीये. माझ्या कानाला मात्र काहीतरी ओळखीचं वाटत होतं. मी म्हणालो, "बाई, हे इंग्रजी आहे."

"गप्प बस. शिकायला आलायस ना? मग आधी ऐकायला शीक."

पुन्हा आवाज आला. या वेळी 'बेबी' इतकं स्वच्छ ऐकू आलं की भाईसुद्धा म्हणाले, "अंग्रेजीच है, बाई." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, संपलं, आता शिकवणी बंद. आणि तुम्ही हसायला लागलात. पदर तोंडाशी धरून, खुर्चीचे हात पकडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाईंनी घाबरून बंद करायला हात पुढे केला तर म्हणालात, "नक्को नक्को, चलने दो!" एका बाजूला ते एकच गाणं, अठरा मिनिटांचं. मध्येच लय बदलायची, संपलं वाटायचं आणि पुन्हा उसळायचं. रस्त्यावरचा जामवाला, म्हणजे पेरूवाला, गाडी थांबवून ऐकत होता. समोरच्या बाल्कनीतून एकीने तेलुगूत विचारलं, "पेळ्ळि एवरिदि?" लग्न कुणाचं आहे म्हणून. तुम्ही खिडकीशी जाऊन तिला सांगितलंत, "जर्मनीवाळ्ळदि!" जर्मनीवाल्यांचं!

भाई गेल्यावर मी मागे थांबलो, उलट बोललो म्हणून माफी मागायला. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, निवडत होतात. "माफी कसली मागतोस," म्हणालात. "अरे, मला काय वाटलं माहितेय? वीस वर्षं शिकले आणि एक शब्द कळत नाही. म्हणजे आपण शिकलो ते सगळं खोटंच. इतकी भ्याले होते की कानावर पडणारं इंग्रजीसुद्धा ओळखू येईना." एक जुडी माझ्याकडे सरकवून म्हणालात, "तू घाबरलास ना कधी, तर आधी बघ, समोरचा कुठली भाषा बोलतोय."

दोन वर्षांनी माझी निवड झाली, मी गेलो. पहिल्या दिवशी फोरमन मला मशीनपाशी नेऊन अर्धा तास बोलला आणि मला अक्षर कळलं नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं: मी मुतारीत जाऊन रडलो, आता परत पाठवतील म्हणून. मग तुमचं वाक्य आठवलं. तोंड धुऊन बाहेर आलो आणि शेजारच्या कामगाराला तुमच्या शुद्ध जर्मनमध्ये विचारलं, "हे गृहस्थ कोणती भाषा बोलतात?" तो इतका हसला की हातातला पाना पडला. फोरमन आपल्या डोंगराकडची बोली बोलत होता. "मी उत्तरेकडचा," तो कामगार म्हणाला, "मला इथे तीन वर्षं झाली, मलाही अजून निम्मं कळत नाही."

तुमच्या मैत्रिणीकडे गेलो ते तुम्हाला सांगितलंच होतं. तिने दारातच माझा हात धरून ठेवला, आणि मी बोलायला लागल्यावर म्हणाली, "तू बोलत नाहीस, तिची पत्रं वाचून दाखवतोस." तिचा भाऊही आला होता. बँड केव्हाच मोडलेला, तो लाकडाच्या वखारीत कामाला, गप्प गप्प. मी त्याला हिमायतनगरचा रविवार सांगितला. भोंगा, जामवाला, लग्न कुणाचं ते. त्याने तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकून बहिणीला म्हणाला, "बघ, आमचा सगळ्यात मोठा कार्यक्रम हाच झाला, आणि आम्हीच नव्हतो." परत आल्यावर तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही आत गेलात आणि रेकॉर्ड आणून माझ्या हातात ठेवलीत. "माझ्याकडे तिची पत्रं आहेत. ही तू ठेव." पुढे पंधरा वर्षांनी तुम्ही गेलात. तोवर दर दिवाळीला मी फराळ घेऊन यायचो आणि आपण निम्म्या तुमच्या जर्मनमध्ये, निम्म्या फोरमनच्या बोलीत बोलायचो.

आता सुनेला जर्मन शिकायचंय. कंपनी कदाचित पाठवेल म्हणते. पोरगी इंग्रजी शाळेतली, मराठी वाचताना अडखळते, पण कान तयार आहे. मी हो म्हटलं. परवा पहिलाच धडा, आणि तिने पहिल्याच फटक्याला विचारलं, "बाबा, जर्मनमध्ये रेकॉर्डचं लिंग कोणतं?" मी चष्मा पुसला आणि ठणकावून सांगितलं, "स्त्रीलिंग." तिने मान डोलावून वहीत लिहून घेतलं. ती गेल्यावर मी दार लावून शब्दकोश उघडला. स्त्रीलिंगच निघालं. हे पत्र मी माझ्या जुन्या वहीतच ठेवणार आहे, म्हणून तेवढं कबूल करून टाकतो: बाई, मला आठवत नव्हतं. मराठीत 'ती रेकॉर्ड' म्हणतो, त्यावरून ठोकून दिलं.