काळ्या घोडीच्या गोष्टीचा तिसरा भाग

मी, सोरका मॅकगिनली, वय सत्तर, राहणार ग्लेनरूआ, डोनेगल. डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांबद्दल वाईट सांगितले आहे, डोक्याबद्दल काही नाही. तेव्हा पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. आधीचे सगळे रद्द.

१. घर, मागची बाग आणि कोंबड्या शेजारच्या डेर्वलाला. बोलते फार, पण माझ्या आजारपणात रोज टर्फच्या, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीच्या, विटा आत आणून चूल पेटवत होती.

२. मोजे विणण्याचे यंत्र फादरांच्या बहिणीला सोडून कोणालाही द्यावे. मी तिचे नमुने चोरले असे ती म्हणते. चोरले होते, पण तिने ते चारचौघांत बोलायला नको होते.

३. माझी शाळेची वही.

१९३८ साली सरकारने शाळेतल्या मुलांना म्हाताऱ्यांच्या गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. खाली सांगणाऱ्याचे नाव घालायचे. चांगल्या गोष्टी मास्तर मोठ्या सरकारी वहीत उतरवून घेत. मी अकरा वर्षांची होते. काळ्या घोडीची गोष्ट कॉनल ओ'डूगन यांची. त्यांच्या हयातीत दुसरा कोणी ती सांगत नसे, तशी रीतच आहे. मी पेन्सिल घेऊन गेले, तर भरल्या घरात ते म्हणाले, "ही नोराची ना? जा पोरी, आधी बापाचं नाव शोधून आण, मग गोष्ट माग." सगळे खो खो हसले. आमच्याकडे माणूस बापाच्या नावाने ओळखला जातो. मला आईच्या नावाने हाक मारत.

ती गोष्ट सांगायला तीन बैठका लागत. तीन रविवार दुपारी मी त्यांच्या घराला लागून असलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यात बसून भिंतीच्या फटीतून ती ऐकली, लिहिली आणि खाली नाव घातले: माझे वडील, फेलिम.

मास्तरांनी विचारले, "हा कोण गं?"

"स्कॉटलंडला गेलेत, बटाटे काढायला."

मास्तरांनी दौत पुढे ओढली आणि उतरवायला घेतले. पण मी त्यांना दोनच भाग दिले. तिसरा माझ्यापाशीच, या वहीत ठेवला.

पुढे बातमी फुटली. गोष्ट दुसऱ्याच्या नावावर चढली म्हणून कॉनलनी ती पुन्हा तोंडातून काढली नाही, पोटच्या पोरांसमोरही नाही. ते गेले त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्यांची मुलगी फिनोला दरवर्षी माझ्या दाराशी येते. तिला नावाशी घेणेदेणे नाही, शेवट हवा आहे. "सोरका, हात जोडते गं. बाबांचा आवाज विसरले मी, गोष्ट तरी पुरी ऐकू दे." मी विचारते, "चहात साखर किती घालू?"

तर वही माझ्या शवपेटीवर ठेवावी. कबरीपाशी फिनोलाने सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणावे, "फेलिमची सोरका गेली." म्हणाली, तर वही तिची. अडखळली किंवा "नोराची" म्हणाली, तर पहिले फावडे पडण्याआधी वही माझ्याबरोबर खाली जावी. दुसरी संधी देऊ नये.

फेलिम नावाचा माणूस कधी नव्हता, हे तिला माहीत आहे आणि गावालाही. तरी मला ते त्याच घरातल्या तोंडून हवे आहे. ऐकायला मी नसेन, एवढेच वाईट वाटते.

ठिकाण: ग्लेनरूआ
दिनांक: ३ फेब्रुवारी १९९७
सही: सोरका मॅकगिनली

आमच्यासमोर सही केली, आम्ही एकमेकांसमोर केली:
टरलॉक स्वीनी, पोस्टमन
हॅना बॉनर, नर्स