मीठ आता तू चाख

सूनबाई, पर्स ठेव, खुर्ची ओढ आणि ही चिठ्ठी वाच. एका सासूची गोष्ट सांगते.

ही सासू स्वतः मांसाला शिवत नसे, पण सासरेबुवांसाठी कोंबडी मोठ्या हौसेनं शिजवायची. मीठ मात्र तेच चाखायचे आणि दर वेळी म्हणायचे, "मीठ जरा कमी, बाकी हाताला चव आहे हो!" ते देवाघरी गेले आणि सासूनं कोंबडीचं पातेलं माळ्यावर टाकलं. सुनेला वाटलं, आता सासूबाईंना वास सोसवणार नाही. सासूला वाटलं, पोरीची आवडच गेली. काल धुवायला घेतलेल्या तुझ्या डब्याच्या पिशवीत चिकन रोलचा कागद निघाला, तेव्हा कुठे सासूचे डोळे उघडले. अगं वेडे, घर असताना बाहेर चोरून खातेस होय?

तर पातेलं घासून ओट्यावर ठेवलंय. फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात कोंबडी दही, लसूण, मिरपूड लावून मुरली आहे. शेजारी चिरलेला कांदा आहे, तो तेलात परत, कोंबडी त्यात घाल, झाकण ठेव आणि गॅस बारीक कर. तुझी आंघोळ होईपर्यंत शिजेल.

मी कीर्तनाला गेले आहे, जेवायला थांबू नकोस. मीठ अंदाजानंच घातलंय. कमी वाटलं तर भीड न धरता सांग, आणि पहिला घास घेताना तुझ्या सासऱ्यांची आठवण काढ.